पुलाच्या अलीकडे दोनशे चाळीस मीटर

माझी आत्या चौतीस वर्षं भूमापन कार्यालयात नकाशे काढत होती आणि सुट्टीच्या दिवशी त्याच जमिनीवरून ग्लायडर उडवत होती. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दुसरं विमान त्याला दोरानं वर ओढून नेतं आणि सोडून देतं; पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते, ती शोधायची, तिच्यात गोल गोल फिरून उंची मिळवायची आणि ती उंची खर्चत पुढच्या चढत्या हवेपर्यंत पोचायचं. जमलं तर शेकडो किलोमीटर जाता येतं. नाही जमलं तर कुणाच्या तरी शेतात उतरायचं आणि शेतमालकाची समजूत घालत बसायचं. आत्या दोन्हीत तरबेज होती.

तिचा नकाशा बघण्यासारखा असायचा. घड्या अशा घातलेल्या, की मांडीवर ठेवून एका हातानं पान उलटता यावं. जायच्या मार्गावर पेन्सिलची रेघ, रेघेवर दर दहा किलोमीटरला एक आडवी खूण, आणि बाजूला बारीक अक्षरात नोंदी: ‘इथं नदी डावीकडे हवी’, ‘रस्ता रुळांना ओलांडतो’, ‘दोन तळी, धाकटं उन्हाळ्यात आटतं’. वळायच्या ठिकाणी पोचली की ती लगेच वळत नसे. ठिकाण पंखाखालून पूर्ण मागे जाईपर्यंत सरळ जायची, मग ग्लायडर कलतं करून खाली बघायची, आणि खात्री पटली की वळायची. तेवढ्यात थोडी उंची जायची. मला ते पटायचं नाही. मी म्हणायचो, आत्या, तू उंची उधळतेस. ती म्हणायची, उधळू दे, माझी आहे.

मी कोण, तर वजनकाटे तपासणारा. प्रयोगशाळांमध्ये, औषधांच्या कारखान्यांमध्ये जे नाजूक काटे असतात ते बरोबर दाखवतात की नाही हे बघून दाखला द्यायचा, हे माझं काम. माझ्या सहीशिवाय काटा खरा धरत नाहीत. याचा मला भारी तोरा होता, आणि तो आत्याला ठाऊक होता, म्हणून ती मला ‘काटेवाले’ म्हणायची. ‘या काटेवाले, बसा काटेवाले.’ ग्लायडर उडवायला तिनंच शिकवलं मला. आमच्या ग्लायडरच्या क्लबमध्ये जीपीएसची यंत्रं आणली मात्र मी. कोणत्या ठिकाणापासून किती लांब आहात, कुठल्या दिशेला नाक धरायचं, घरी पोचायला उंची पुरेल की नाही, सगळं तळहाताएवढ्या पडद्यावर. वळायच्या ठिकाणाभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ असतं. त्यात शिरलात की ठिकाण गाठलं असं धरतात आणि यंत्र पीं पीं करतं. वर तुमचा सगळा मार्ग नोंदवूनही ठेवतं. महिन्याभरात क्लबातल्या सगळ्यांनी नकाशे गुंडाळून कपाटात टाकले. आत्यानं नाही. ती त्याला ‘तुझं डबडं’ म्हणायची.

आत्याचं एकच राहिलं होतं: पाचशे किलोमीटर. ठरवून दिलेल्या दोन ठिकाणांना वळसा घालून एका दिवसात पाचशे किलोमीटर उडून घरच्या धावपट्टीवर परत यायचं. दोनदा प्रयत्न करून झाला होता. एकदा तीनशे ऐंशीला गव्हाच्या कापलेल्या शेतात उतरली. दुसऱ्यांदा चारशे वीसला एका शाळेच्या मैदानात, आणि मधली सुट्टी असल्यामुळे चौथी ब च्या सगळ्या वह्यांवर सह्या देऊन आली. हसत हसत सांगायची, पण मी तिचा भाचा आहे, मला कळायचं. ते पाचशे तिच्या मनातून जात नव्हते.

मग डोळ्यांचं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही पडदे मधोमध झिजत चाललेत. हा हंगाम उडा, लांबचं अजून नीट दिसतंय, पण पुढच्या वर्षी उडायच्या दाखल्यावर मी सही करणार नाही. आत्या चौसष्ट वर्षांची होती. हंगाम संपायला तीन आठवडे उरले होते.

खरं सांगायचं तर तिला लांबचं दिसत होतं, जवळचं नाही. पेन्सिलच्या बारीक नोंदी तिला वाचता येईनात. मी तेच धरून बसलो. म्हटलं, नकाशा डोळ्यांजवळ धरून बसलीस तर आकाश कोण बघणार? डबडं मोठ्या आकड्यात दाखवतं. आठवडाभर मी तिच्या मागे लागलो होतो. शेवटी ती कंटाळून हो म्हणाली. मला तेवढंही पुरेना. उड्डाणाच्या दिवशी सकाळी ती कॉकपिटमध्ये बसल्यावर मी तिच्या मांडीवरचा नकाशा उचलून घेतला.

‘हा राहू दे की,’ ती म्हणाली.

‘नको. हा असला की तू यातच बघणार. आत्या, मला शब्द दे. वाजलं की वळायचं. खाली शोधत बसायचं नाही. आज एकेक मीटर उंची मोलाची आहे.’

ती म्हणाली, ‘बरं, काटेवाले. तुमच्या सहीवर जाते.’ नकाशा माझ्या हातात राहिला.

त्या दिवशी ती सहा तास चाळीस मिनिटं वर होती. पहिलं ठिकाण सिमेंट कारखान्याची चिमणी, दुसरं नदीवरचा रेल्वेचा पूल. दुपारी पुलाच्या बाजूला ढग विरले आणि हवा मंदावली. रेडिओवर तिचा आवाज ऐकू आला, की उंची फार नाही, पण जाते. मग दोन तास काही नाही. क्लबात कुणी चहा प्यायला तयार नाही. संध्याकाळी सव्वापाचला कुणीतरी बोट दाखवलं, आणि ती झाडांवरून पांढऱ्या रेघेसारखी आली आणि अलगद टेकली. आम्ही धावत गेलो. पाय बधिर झाल्यामुळे तिला उठता येईना. दोघांनी बगलेत हात घालून काढली. टोपी वाकडी, ओठ सुकलेले, आणि चेहरा असा, की मी तिला तशी कधी बघितली नव्हती. मला म्हणाली, ‘तुझ्या डबड्याला आता नावं ठेवणार नाही हं.’

नोंदी तपासायचं काम मास्तरांचं होतं. निवृत्त मुख्याध्यापक, क्लबचे सगळ्यात जुने सभासद, आणि नियमाला पक्के. उडायच्या आधी कागदावर लिहून दिलेली ठिकाणं तीच खरी. यंत्र नुसतं साक्षीदार. क्लबच्या खोलीत आम्ही सगळे त्यांच्या खुर्चीमागे उभे होतो. त्यांनी मार्ग पडद्यावर उघडला. चिमणी व्यवस्थित. मग पूल. मास्तरांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, चष्मा काढला, परत घातला.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘दुसऱ्या ठिकाणी वर्तुळाच्या बाहेरूनच वळलात. दोनशे चाळीस मीटर कमी पडले.’

दोनशे चाळीस मीटर म्हणजे ग्लायडरला नऊ सेकंद. आत्या पडद्याजवळ गेली, पण तिला जवळचं दिसत नव्हतं, ती परत मागे झाली. म्हणाली, ‘पूल समोर होता अजून. मला वाटलं जरा पुढे जावं. पण डबडं वाजलं म्हणून वळले.’

आणि मग मी बोललो. कुणी मला विचारलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण यंत्र मी आणलेलं, त्यात ठिकाणं मी भरलेली, आणि सगळे माझ्याकडे बघतायत असं मला वाटलं.

‘आत्या, ते वर्तुळात शिरल्याशिवाय वाजत नाही. तू आधीच वळली असशील. यंत्राचं चुकत नाही गं. डोळ्यांमुळे अंदाज आला नसेल.’

सगळ्यांसमोर बोललो मी हे. समजावणीच्या सुरात, वर ‘गं’ लावून. ती ‘असेल,’ एवढंच म्हणाली, आणि हातमोजे खिशात कोंबायला लागली. एक मोजा खाली पडला. मी उचलून दिला.

घरी मी तिला गाडीतून सोडलं. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, आता पुरे. हंगाम संपायचीही वाट बघत नाही. समोरचा पूल किती लांब आहे हे ज्या माणसाला कळत नाही, त्यानं वर जाऊन दुसऱ्याच्या डोक्यावर पडायचं का? मी म्हटलं, अगं असं काय करतेस, अजून पंधरा दिवस आहेत. पण तसं म्हणण्यात जोर नव्हता, कारण मलाही तेच वाटत होतं. सुटकाच वाटली थोडी. ते आठवलं की आजही मला माझा राग येतो.

हे शनिवारी झालं. सोमवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर क्लबची ठिकाणांची यादी घेऊन बसलो होतो, दुसऱ्या एका सभासदाच्या यंत्रात भरायला. यादी दोन पानांची, प्रत्येक ठिकाणापुढे त्याचे अक्षांश-रेखांश. पहिलं पान नवीन, अंशांपुढे मिनिटं आणि त्यांचे दशांश असं लिहिलेलं. यंत्राला तेच लागतं. दुसरं पान मास्तरांनी पंचवीस वर्षांपूर्वी टाइप केलेलं, त्यात मिनिटं आणि सेकंद. चिमणी पहिल्या पानावर होती, पूल दुसऱ्या. पुलाचा रेखांश पूर्ण मिनिटांत होता, पण अक्षांशाला लिहिलं होतं, अठरा मिनिटं पन्नास सेकंद. मी आत्याच्या यंत्रात भरले होते अठरा पूर्णांक पन्नास शतांश मिनिटं. म्हणजे अठरा मिनिटं तीस सेकंद. वीस सेकंदांचा फरक. पूल मी सहाशे सतरा मीटर अलीकडे आणून ठेवला होता, नदीच्याही अलीकडे, कुठल्या तरी रिकाम्या माळावर. यंत्रानं तिला इमानदारीनं त्या माळावर वळवलं होतं; वळता वळता ती पुढे सरकली, म्हणून कमी पडले ते दोनशे चाळीसच.

मी तीनदा हिशेब करून बघितला. जो माणूस मिलिग्रॅमच्या फरकासाठी लोकांचे काटे नापास करतो, त्यानं एका टिंबाकडे बघितलं नव्हतं. हाताशीच फोन होता. आत्या तेव्हा जागी होती, बातम्या ऐकत असणार. मी नंबर काढला आणि ठेवून दिला. म्हटलं, फोनवर नको, समोर जाऊन सांगू. मंगळवारी म्हटलं, रविवारी सगळे असतील तेव्हा सांगू, सगळ्यांसमोर तिला बोललो होतो ना. बुधवारी मी तिच्या यंत्रातला आकडा गुपचूप दुरुस्त केला आणि स्वतःला सांगितलं, की महत्त्वाचं ते झालं. चूक कबूल करायला किती वेळ लागतो? एक वाक्य. मला त्या तीन दिवसांत ते जमलं नाही, कारण ते बोलल्यावर मास्तर माझ्याकडे कसे बघतील हेच मला सारखं दिसत होतं.

गुरुवारी सकाळी सहाला आत्याचाच फोन आला. वर्षातून एखादाच असा दिवस येतो, ती म्हणाली, हवामानाचा अंदाज बघितलास का? दहा वाजता ढगांच्या रांगा लागतील, संध्याकाळपर्यंत टिकतील. सुट्टी टाक. माझं ग्लायडर घे. मी नाही तर निदान तू तरी जा, घरातलं कुणीतरी जाऊ दे.

मी म्हणायला हवं होतं, की आत्या, तूच जा. तुझे डोळे बरोबर होते, चूक माझी होती. डॉक्टरांची मुदत शिल्लक होती, ग्लायडर तिचं, दिवस तिनं ओळखलेला. हे सगळं माझ्या तोंडात होतं. मी म्हणालो, ‘येतो.’

धावपट्टीवर तिनं माझे पट्टे आवळले, काच पुसली, पाण्याची बाटली हाताला लागेल अशी ठेवली. ग्लायडर एका चाकावर उभं असतं, म्हणून निघताना कुणीतरी पंखाचं टोक धरून धावावं लागतं, तोल सावरेपर्यंत. ते टोक तिनं धरलं. चौसष्टाव्या वर्षी, वाकडी टोपी धरून, ती माझ्यासाठी धावली. मी मनाशी ठरवलं होतं, उतरलो की सांगायचं.

त्या दिवशीची हवा काय सांगू. ढगाखालून ढगाखाली नुसतं जायचं, मध्ये फिरायचीही फारशी गरज नाही. पाच तास पन्नास मिनिटांत मी पाचशे किलोमीटर करून आलो. मास्तरांनी मार्ग तपासला, दोन्ही ठिकाणं बरोबर. आत्यानं मला मिठी मारली आणि सगळ्यांना सांगत सुटली, माझा भाचा आहे, मी शिकवलंय. आता कोणत्या तोंडानं सांगणार होतो? सांगायचं ते सकाळी, निघायच्या आधी सांगायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो, आणि आठ वर्षं बसलो.

आत्यानं त्यानंतर ग्लायडरमध्ये पाय ठेवला नाही. मागच्या सीटवर बसायला बोलावलं तरी यायची नाही.

गेल्या महिन्यात क्लबातल्या एका नव्या सभासद बाईंनी, दातांच्या डॉक्टर आहेत त्या, नेमकी तीच चूक केली. दुसऱ्या पानावरचे सेकंद दशांश म्हणून भरले. मी उडायच्या आधी तपासलं म्हणून सापडलं. मी त्यांना फाडफाड बोललो. एवढ्या शिकलेल्या बाई, साधा आकडा बघता येत नाही का. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण ही चूक माझ्याआधी कुणी केली नाही का? मग यादीवर ठळक लिहून का नाही ठेवलं?’ मी म्हटलं, ‘नाही, कुणी केली नाही.’ घरी येईपर्यंत माझी मलाच शिसारी आली.

शनिवारी दुपारी आत्याकडे गेलो. ती आता समोरचं माणूस बघत नाही, जरा बाजूला बघते, कारण बाजूचंच दिसतं. पावलांवरून ओळखलं तिनं. ‘या काटेवाले.’ चहा केला. कपाच्या काठाला आतून बोट लावून ओतते, चहा बोटाला लागला की थांबते. मला मदत करू देत नाही. कप घेऊन आम्ही खिडकीशी बसलो, आणि मी एका दमात सांगून टाकलं. यादीची दोन पानं, सेकंद, दशांश, सगळं.

तिनं माझं संपल्यावर विचारलं, ‘किती सेकंद?’

‘वीस.’

‘म्हणजे सहाशे मीटर. सहाशेला थोडं वर.’ आयुष्य नकाशांत गेलेलं, तिला कागद लागला नाही. ‘उत्तर-दक्षिण ना? म्हणजे पूल मला बरोबर दिसत होता.’

‘हो.’

‘मी बरोबर बघत होते.’

‘हो आत्या. बरोबर बघत होतीस.’

तिचा चेहरा इतका खुलला, की मला वाटलं, सुटलो. आठ वर्षं उगाच घाबरलो. ती हसलीसुद्धा. म्हणाली, मी तेव्हापासून रस्ता ओलांडतानासुद्धा माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, ठाऊक आहे? मग तिनं कप खाली ठेवला.

‘तुला कधी कळलं?’

आत्ताच कळलं, असं म्हणता आलं असतं. गेल्या महिन्यात, त्या डॉक्टरबाईंमुळे. तिनं ते मानलंही असतं. पण मी तिथवर खोटं बोलायला गेलो नव्हतो.

‘सोमवारी.’

‘कुठल्या सोमवारी?’

‘तुझ्या उड्डाणानंतरच्या.’

ती बोटं मांडीवर एकेक करून टेकवत होती. सोमवार, मंगळवार, बुधवार.

‘म्हणजे गुरुवारच्या आधी,’ ती म्हणाली.

मी मान हलवली, मग आठवलं की तिला ते दिसणार नाही. ‘हो.’

मला वाटलं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं तोंड खिडकीकडे केलं, त्यामुळे मी तिच्या नजरेच्या त्या उरलेल्या भागात आलो, आणि पहिल्यांदाच त्या दुपारी तिनं मला नीट बघितलं.

‘एक सांग,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी पुलाशी पोचलास, डबडं वाजलं. आकडा तूच दुरुस्त केलेला, तूच तपासलेला. वाजल्यावर वळलास?’

‘नाही.’

‘मग?’

‘पूल मागे जाईपर्यंत गेलो. ग्लायडर कलतं केलं, खाली बघितलं, खात्री केली. मग वळलो.’